चौदा वर्षांनी कळलेली कळ

किर्दखतावणी
नमस्कार मंडळी. परवाच्या सोमवारची गोष्ट. मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे, १४ वर्षं झाली. दर महिन्याला ठेवींचं व्याज सभासदांच्या बँक खात्यात पाठवायचं असतं, त्याची यादी मी करते. एका खिडकीत आमचं सॉफ्टवेअर, दुसरीत एक्सेल. नाव कॉपी केलं, खिडकी बदलली, पेस्ट. परत मागे, खाते क्रमांक. परत मागे, आयएफएससी. परत मागे, रक्कम. एका सभासदामागे चार फेऱ्या.

आमच्याकडे नवी मुलगी लागलीय, बी.कॉम. होऊन वर्ष झालं असेल. ती माझ्या मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "मॅडम, चारही एकदम कॉपी करून घ्या ना." म्हटलं, एकदम कसं? दुसरं कॉपी केलं की पहिलं जातं. तिने माझ्याच कीबोर्डवर विंडोजचं बटण धरून व्ही दाबलं. कोपऱ्यात एक छोटी चौकट आली, 'टर्न ऑन' विचारलं, तिने हो म्हटलं. आता नाव, खाते, आयएफएससी, रक्कम असं ओळीने कॉपी करायचं, एकदाच एक्सेलमध्ये जायचं, विंडोज-व्ही दाबून हवं ते निवडायचं. मागच्या २५ गोष्टी तिथे राहतात म्हणे. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

आधी आनंद झाला. मग घरी जाताना बसमध्ये राग यायला लागला. कोणाचा, ते मलाही कळेना. एमएस-सीआयटी मी चांगल्या गुणांनी पास झालेय हो!

तर तुमच्याकडे असं काय आहे, जे फार उशिरा कळलं आणि आता त्यावाचून चालत नाही? नवीन काही टाकायला लागू नये (आमच्या मशीनवर ती परवानगी नाही), एआय वगैरे नको, आणि तुम्ही स्वतः रोज वापरत असाल तेच सांगा. यूट्यूबवरच्या 'पन्नास शॉर्टकट'सारखी यादी नको.

आणि जाता जाता एक दुखणं. सभासद यादीत आडनाव, नाव, वडिलांचं/पतीचं नाव एकाच रकान्यात आहे, इंग्रजीत. नव्या नमुन्यात तिन्ही वेगळे मागितलेत. ११४० ओळी. हाताने २०० केल्यात, मनगट धरलंय. काही उपाय?

मधली_सुट्टी
कळ कळली आणि मनगटातही कळ आली. शीर्षक सार्थ आहे.

भेळ_कमी_तिखट
कंट्रोल-शिफ्ट-टी. चुकून बंद केलेला टॅब परत येतो. माझा संसार यावर उभा आहे.

मधली_सुट्टी
+१. पुन्हापुन्हा दाबलं की त्याआधीचेही येतात. साहेब मागून आल्यावर घाईत बंद केलेले सगळे.

शंकेखोर
किर्दताई, आनंदावर विरजण घालायचा हेतू नाही, पण दोन गोष्टी.

एक, राग आवरा. ही सोय १४ वर्षांपूर्वी नव्हतीच. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटमध्ये आली. तेव्हा तुमची पहिली सहा-सात वर्षं माफ. एमएस-सीआयटीवाल्यांचाही यात दोष नाही.

दोन, जास्त महत्त्वाची. त्या चौकटीत तुम्ही कॉपी केलेलं सगळं राहतं. ओटीपी, पासवर्ड, कोणाचा आधार क्रमांक, सगळं साध्या अक्षरांत. मशीन रीस्टार्ट केलं की जातं, पण ज्याला तुम्ही पिन लावलीय ते रीस्टार्टनंतरही राहतं. तुमच्या काउंटरवर कोणी दुसरं बसतं का?

किर्दखतावणी
बसतं. एकाच लॉगिनवर तिघं आहोत. आणि मशीन शनिवारशिवाय बंद होत नाही.

शंकेखोर
झालं. मग व्ही दाबण्याआधी दोन सवयी लावून घ्या. जागेवरून उठताना विंडोज-एल, पडदा कुलूपबंद होतो. आणि यादीचं काम संपलं की त्याच चौकटीतलं 'क्लिअर ऑल'. काही पासवर्ड सांभाळणारे प्रोग्रॅम आपला पासवर्ड त्या इतिहासात जाऊ देत नाहीत, पण तुम्ही वहीत बघून नोटपॅडमध्ये लिहून कॉपी करत असाल तर तो जाणारच. दुसऱ्या उपकरणांवर पाठवायची सोयही आहे. ती आपण सुरू केली तरच चालते, ती मात्र बंदच असू द्या. आणि तिघांची लॉगिनं वेगळी करून मागा. वाचलेला वेळ नंतर चौकशीत घालवायचा नसेल तर.

टंकनिका
शंकेखोर, तारखेचं बरोबर, पण 'तेव्हा नव्हतीच' हे अर्धंच खरं. वर्डमध्ये 'स्पाइक' नावाचा प्रकार कितीतरी जुना आहे. दुकानात गल्ल्याशेजारी बिलं खुपसायची तार असते ना, तशीच कल्पना, नावही त्यावरूनच. मजकूर निवडून कंट्रोल-एफ३ दाबलं की तो कापून तारेत खोवला जातो. मग दुसरा परिच्छेद, तिसरा, कितीही. शेवटी कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबलं की सगळे ओळीने बाहेर. फक्त वर्डमध्ये चालतं आणि कॉपी नाही, कट होतं. मूळ मजकूर जागेवर हवा असेल तर लगेच अनडू करायचं, तारेतलं तारेतच राहतं.

मी अप्पा बळवंत चौकाजवळ टंकनाचं, पानं लावायचं काम करते, २२ वर्षं. तिथे रोज लागणाऱ्या आणखी दोन गोष्टी. शिफ्ट-एफ५: शेवटची दुरुस्ती जिथे केली तिथे परत नेतं. ३०० पानांच्या हस्तलिखितात लेखकाचा फोन येतो, "पान ४० वर एक बदल करा", तो करून पुन्हा २१७ वर यायचं असतं. फाइल नव्याने उघडली तरी कालची जागा सापडते. दुसरं, ऑल्ट धरून माउस ओढला की मजकूर उभा निवडता येतो. ओळींच्या सुरुवातीला कोणी हाताने १, २, ३ लिहून पाठवलं असेल तर आकड्यांचा तेवढा उभा पट्टा निवडून उडवायचा.

आजोबा_दोन_पूर्णांक_शून्य
माझं वय ७४. बँकेतून निवृत्त. नातवाच्या मते मला संगणक येत नाही. त्याला हे माहीत नव्हतं, म्हणून सांगतो.

नोटपॅड उघडा. पहिल्या ओळीत टिंब द्या आणि त्याला चिकटून एल-ओ-जी, मोठ्या लिपीतली अक्षरं. फाइल साठवून बंद करा. आता ती फाइल जेव्हा जेव्हा उघडाल, शेवटी त्या क्षणाची तारीख-वेळ आपोआप पडलेली असते आणि कर्सर खाली थांबलेला. मी २०११ पासून एकच फाइल चालवतो. सकाळचा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, गॅसचा सिलिंडर कधी लावला, वाण्याला किती दिले. डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर पहिल्यांदा कधी आली?" की मी फाइल शोधतो, अंदाज सांगत नाही. मधेच तारीख हवी असेल तर एफ५.

माझ्याकडे विंडोज १० आहे. त्याचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून नातू रोज मागे लागतो. त्याने नवीन मशीन घेऊन द्यावं, मी नाही म्हणत नाही.

भेळ_कमी_तिखट
आजोबा, आत्ता करून बघितलं. चाललं! हापिसात ओरडले मी.

कोपऱ्यातलं_टेबल
सगळ्यांचं कौतुक करून एक विचारतो. वाचलेल्या वेळाचं करता काय?

मी सरकारी कार्यालयात आहे. शेजारच्या टेबलाला ज्या कामाला दोन दिवस लागतात ते मी एक्सेलमध्ये दोन तासांत संपवायचो. पहिल्या वर्षी शाबासकी मिळाली. दुसऱ्या वर्षी शेजारच्या टेबलाचं काम मिळालं. तिसऱ्या वर्षी पलीकडच्या शाखेचं. आता मीही दोन दिवस लावतो. मला येणारा एकच शॉर्टकट उपयोगी पडला: विंडोज-डी. सगळ्या खिडक्या खाली, समोर फक्त गणपतीचा वॉलपेपर.

मधली_सुट्टी
हहपुवा (हसून हसून पुरती वाट). गणपती पाहून साहेबही नमस्कार करून पुढे जात असतील.

रकाना_क
@टेबल, चेष्टा म्हणून ठीक, पण वेळ वाचणं हा यातला अर्धा फायदा. खरा फायदा चूक न होण्याचा आहे. किर्दताई बँक खात्यांच्या याद्या करतात म्हणून मुद्दाम लिहितो, कारण हे मी भोगलंय.

एका संस्थेत मी अनामत रकमांचे परतावे पाठवत होतो. कोणीतरी पाठवलेल्या यादीतले खाते क्रमांक एक्सेलमध्ये चिकटवले. रकान्यात '५.०१२३ई+१५' असलं काहीतरी दिसायला लागलं. मी हुशारीने रकाना नंबर फॉरमॅटमध्ये टाकला, दशांश शून्य केले, आकडे नीट दिसायला लागले. पाठवून दिलं. तीन दिवसांनी ४८ परतावे परत. नीट पाहिलं तर त्या प्रत्येकाचा शेवटचा आकडा शून्य!

एक्सेल कोणत्याही संख्येचे १५ अंकच लक्षात ठेवतं. सोळावा अंक आला की त्याजागी शून्य घालतं, आणि हे ते सांगत नाही. नंतर फॉरमॅट बदलून तो अंक परत येत नाही, गेला तो गेला. खाते क्रमांक ही आपल्या दृष्टीने संख्या नाहीच, ते नाव आहे. आपण त्यांची बेरीज थोडीच करतो? म्हणून चिकटवण्याच्या आधी रकाना निवडून 'टेक्स्ट' करून ठेवायचा. एकदोनच असतील तर आकड्याआधी एक अपॉस्ट्रॉफी. त्यानेच सुरुवातीची शून्यंही वाचतात. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) थेट डबल-क्लिक करून उघडली की ती शून्यं जातातच.

आयएफएससीची गंमत वेगळी. ११ अक्षरं: पहिली चार बँकेची, पाचवं कायम शून्य, मग शाखेचे सहा. लोक पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' मारतात. डोळ्याला दिसत नाही. शेजारच्या रकान्यात लांबी ११ आहे का आणि पाचवं अक्षर शून्यच आहे का, एवढी दोन सूत्रं लावून ठेवा. विंडोज-व्हीने वेगाने चुकीचं पेस्ट करण्यापेक्षा ते बरं.

किर्दखतावणी
रकाना_क, हे वाचून पोटात गोळा आला. उद्या सकाळी पहिलं हेच तपासते. शेवटी शून्य असलेली खाती.

म्युनिकची_माई
माझी कथा उलटी आहे. सगळ्या कळा येत होत्या, आणि इथे येऊन विसरले.

जर्मन कीबोर्डवर झेड आणि वाय यांची जागा एकमेकींत बदललेली असते. आपल्या बोटांना अनडू म्हणजे कंट्रोल आणि त्याच्या वरच्या ओळीतलं पहिलं अक्षर, हे मुरलेलं. इथे त्या जागी वाय आहे, म्हणजे रीडू. पहिला महिना मी चूक पुसायला गेले की वर्ड तीच चूक पुन्हा करून दाखवायचं. आणि कंट्रोलच्या बटणावर 'श्टॉयरुंग' या शब्दाचं लघुरूप छापलेलं. मी समजत होते ते 'स्ट्राँग' आहे!

शेवटी सापडलं: विंडोज-स्पेस. दोन-तीन कीबोर्ड लावून ठेवायचे आणि यानेच बदलायचे. इंग्रजी, जर्मन, मराठी. आता बटणांवर काय छापलंय ते मी बघतच नाही.

घरी मॅक आहे. त्यात फाइलवर उभं राहून नुसतं स्पेस दाबलं की न उघडता आत काय आहे ते दिसतं. शाळेचे चाळीस फॉर्म येतात, त्यातला हवा तो असा शोधते. सही करायची तर कोऱ्या कागदावर सही करून कॅमेऱ्यासमोर धरायची, मॅकमधला प्रिव्ह्यू नावाचा प्रोग्रॅम ती उचलून घेतो. प्रिंटर विकून टाकला.

लिनक्सवाला_बंड्या
आमच्याकडे मजकूर नुसता निवडला की कॉपी होतो आणि माउसचं मधलं बटण दाबलं की पेस्ट. कंट्रोल-सी हा प्रकारच लागत नाही. तुम्ही २०१८ ची कौतुकं करताय...

भेळ_कमी_तिखट
आला.

मधली_सुट्टी
वाटच बघत होतो. ५० प्रतिसादांच्या आत येणार अशी पैज होती.

लिनक्सवाला_बंड्या
हसा. पण कंट्रोल-आर विसरू नका. टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकायची खिडकी) सहा महिन्यांपूर्वी दिलेली आज्ञा दोन अक्षरं टंकून परत मिळते. माझी स्मरणशक्ती तिथेच ठेवलीय.

टंकनिका
माईंनी विंडोज-स्पेसचा विषय काढलाच आहे तर थोडं अवांतर. मराठी लिहिणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळणारी जागा म्हणजे 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर' यांतला र. साधा र जोडला तर 'आर्य'सारखा रफार होतो, 'दुसर्या' दिसतं, आणि प्रूफ वाचणारे लाल पेनाने पान रंगवतात.

इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड) वापरत असाल तर र हा जे वर आहे, आणि शिफ्ट-जे वर नुक्त्याचा ऱ. तो घ्यायचा, मग डी म्हणजे हलन्त, मग तिरकी रेघ म्हणजे य. झालं 'ऱ्य'. मला हे कळायला पाच वर्षं लागली, तोपर्यंत मी दुसऱ्याच्या फाइलीतून 'ऱ्या' उचलून आणायचे, खरंच.

आता खरी मेख. हाच र दुसऱ्या पद्धतीनेही निघतो: साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, पण संगणकाच्या लेखी वेगळे. दोन लेखकांनी मिळून लिहिलेल्या पुस्तकात 'दुसऱ्या' शोधलं तर निम्मेच सापडतात. मी फाइल आली की पहिलं काम हे करते: जोडचिन्हवाला एक कॉपी करून 'शोधा'त टाकते, नुक्त्याचा 'बदला'त, आणि सगळे एकदम बदलून घेते. त्या आधी सूचीला हात लावत नाही.

इनस्क्रिप्ट शिकायचं नसेल त्यांच्यासाठी विंडोजमध्येच २०१९ पासून मराठी फोनेटिक आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठीखाली कीबोर्ड वाढवायचा.

नाचणीसत्त्व
टंकनिकाताई, दंडवत! माझ्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत निम्मे 'ऱ्य' सापडत नव्हते, मी वर्डला शिव्या घालत होते. मार्गदर्शकांनाही. वाखुसा (वाचनखूण साठवली).

शंकेखोर
रच्याकने (म्हणजे जाता जाता), 'नुक्त्याचा ऱ' म्हणजे युनिकोडमधला स्वतंत्र ऱ, बरोबर ना? दक्षिणेतल्या लिप्यांच्या लिप्यंतरासाठी ठेवलेला?

टंकनिका
तोच. मूळचा त्या कामाचा, मराठीने घरकामाला लावला.

रकाना_क
कॉपी-पेस्टवर एवढं चाललंय म्हणून आठवण. ही कल्पना संगणकात आणणारे लॅरी टेसलर फेब्रुवारी २०२० मध्ये गेले. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी आणि टिम मॉट यांनी 'जिप्सी' नावाचा लेखनाचा प्रोग्रॅम केला, त्यात कट-कॉपी-पेस्ट होतं. एक गोष्ट एका वेळी, दुसरी आली की पहिली गेली. ही मर्यादा सामान्य माणसाच्या पडद्यावर चाळीस वर्षं टिकली. किर्दताई, बसमधला राग काढायचा तर त्या चाळीस वर्षांवर काढा.

गंमत म्हणजे आपण ज्याला झेरॉक्स म्हणतो ती काढायला अजून कोपऱ्यावर जातोच.

नाचणीसत्त्व
झेरॉक्सवरून माझी भर. सरकारी संकेतस्थळांवर 'सर्व कागदपत्रे एकाच पीडीएफमध्ये' मागतात. मी फोनवर काढलेले सहा फोटो घेऊन दुकानात जायचे, तो पानाला १० रुपये घेऊन जोडून द्यायचा. आणि माझं पॅनकार्ड त्याच्या मशीनवर कायमचं राहायचं, ते वेगळंच.

आता: सहाही फोटो एकदम निवडायचे, उजवं क्लिक, प्रिंट. प्रिंटरच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडायचं. एक पीडीएफ तयार. नावं आधी ०१, ०२ अशी देऊन ठेवली तर क्रम बिघडत नाही. तरी उघडून बघायचंच, माझं एकदा जातीचं प्रमाणपत्र आडवं आणि गुणपत्रिका डोक्यावर गेली होती. नावं देताना एफ२ दाबून नाव लिहायचं आणि एंटर न मारता टॅब मारायचा, थेट पुढच्या फाइलीच्या नावावर उडी. सहा नावं अर्ध्या मिनिटात.

आजोबा_दोन_पूर्णांक_शून्य
टॅबची युक्ती माहीत नव्हती. नोंदवली. (वेळ १६:४२, नोटपॅडने टाकली.)

भेळ_कमी_तिखट
स्वल्पविरामाबद्दल कोणी बोललं नाही. एक्सेलमध्ये १,२३४,५६७ दिसतं आणि आमचे शेठ "हे किती लाख?" विचारतात. विंडोजच्या रीजनमध्ये 'इंग्लिश (इंडिया)' केलं की १२,३४,५६७. चार वर्षं मी बोटाने मोजून सांगत होते.

कोपऱ्यातलं_टेबल
हे मात्र उपयोगी. आमच्याकडे अंदाजपत्रकात एकदा यावरूनच भांडण झालं होतं.

किर्दखतावणी
वाचतेय सगळं. सकाळी शून्यवाली खाती तपासली. शेवटी शून्य असलेली १६ अंकी ९ होती. पासबुकांच्या प्रतींशी ताडली, नऊच्या नऊ बरोबर निघाली. मगच चहा प्यायले.

पण मंडळी, माझ्या ११४० नावांचं काय? ऱ्य झालं, जर्मनी झाली, लिनक्सही झालं.

मधली_सुट्टी
अरेच्चा, मूळ प्रश्न होता की!

रकाना_क
माफ करा ताई, माझ्याच डोक्यातून गेलं. दोन रस्ते आहेत.

सोपा: कंट्रोल-ई. एक्सेल २०१३ पासून आहे, फ्लॅश फिल म्हणतात. शेजारच्या रिकाम्या रकान्यात पहिल्या ओळीसमोर फक्त आडनाव हाताने लिहा. त्याखालच्या घरात जाऊन कंट्रोल-ई. बाकीच्या आडनावांचा अंदाज ते स्वतः घेतं. मग पुढच्या रकान्यात नाव, त्याच्या पुढे तिसरं. पण लक्षात ठेवा, हा अंदाज आहे. 'पाटील सुनीता रमेश' नीट होईल. जिथे दोनच शब्द आहेत किंवा चार आहेत तिथे ते बिनदिक्कत काहीतरी भरेल.

खात्रीचा: डेटामध्ये 'टेक्स्ट टू कॉलम्स', डिलिमिटेड, स्पेस. 'लागोपाठच्या स्पेस एकच धरा' अशा अर्थाची खूण असते, तीही करा, कारण कोणीतरी दोनदा स्पेस मारलेली असणारच. उजवीकडे चार-पाच रकाने रिकामे हवेत, नाहीतर तिथलं पुसून त्यावर लिहील.

दोन्हीच्या आधी हे करा. जादा स्पेस 'ट्रिम'ने काढा, मग प्रत्येक नावात किती स्पेस आहेत ते मोजा: नावाची लांबी वजा स्पेस काढून टाकल्यावरची लांबी. जिथे उत्तर २, ती तीन शब्दांची नावं, ती यंत्राला द्या. उरलेली फिल्टर करून बाजूला घ्या आणि ती हातानेच करा.

शंकेखोर
आणि मूळ फाइलची एक प्रत आधी वेगळ्या नावाने. हे सांगायला लागू नये, तरी सांगतो.

किर्दखतावणी
झालं!!

मोजलं तर दोन स्पेसवाली १०६८ निघाली. ती टेक्स्ट टू कॉलम्सने चहा निवायच्या आत. नव्या मुलीला बोलावून दाखवलं, तिला हे येत नव्हतं. म्हणाली, "मॅडम, हे कुठे शिकलात?" मी म्हटलं, ओळखी आहेत.

उरली ७२, ती आम्ही दोघींनी बसून हाताने केली. त्यात काय नव्हतं विचारा. माहेरचं-सासरचं दोन्ही आडनावं लावणाऱ्या. 'उर्फ'वाले. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'अ.पा.क. आई', म्हणजे सभासद अज्ञान आणि पालक आई. एक 'पाटील (विट्याचे)', कारण त्याच नावाचे दुसरे पाटील होते आणि माझ्या आधीच्या लेखनिकाला तेवढाच फरक सापडला असणार. आणि पाच नावांआधी 'कै.' लिहिलेलं. माणसं गेल्याचं कोणीतरी नोंदवलं, पण वारसनोंद केलीच नाही. व्याज अजून त्यांच्याच नावावर जमा होतंय, एकाचं २०१९ पासून. एवढी वर्षं ती यादी मी महिन्याला एकदा खालीवर करतेय, एकदाही दिसलं नव्हतं. साहेबांना दाखवलं. त्यांनी पाचही फाइली काढायला सांगितल्यात.

कोपऱ्यातलं_टेबल
म्हणजे वाढलंच ना काम. मी काय सांगत होतो?

किर्दखतावणी
वाढलं हो. उद्या वारसांना फोन लावायचेत. पाच नंबर एकदम कॉपी करून ठेवलेत. फोन झाले की क्लिअर ऑल, शंकेखोरदादा.